बाइंडिंगला नेलेली पुस्तकं

पुस्तकं बाइंडिंग करून आणतो म्हणून तो घेऊन गेला, आणि पोतं मीच काढून दिलं. ज्वारीचं पोतं होतं. उलटं करून झटकलं, दाणा राहिला तर पुस्तकांत किडे होतील म्हणून. तोंडही मीच बांधलं. हे आधीच सांगते, कारण मागनं शेजारच्या बाया विचारायला लागल्या, कशी काय नेली, तुम्ही घरात नव्हता का. घरातच होते. हसत दिली.

आता ती पुस्तकं कसली, ते सांगते. बसवकल्याणात आमच्या घराची बाहेरची खोली आम्ही डिप्लोमाच्या पोरांना देत आलो. का कोण जाणे, येणारे बहुतेक सिव्हिलचेच निघायचे. औराद, मंठाळ अशा कडेच्या गावांतली, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली पोरं. इथं आलं की पुस्तक इंग्लिश, सर समजावणार कन्नडात आणि पोराच्या डोक्यात मराठी. पहिल्या वर्षी एकेकाचं तोंड बघवत नसे.

पहिला जो पोरगा राहिला, तो पास होऊन निघाला तेव्हा पुस्तकांचं ओझं बसमध्ये कुठं न्यायचं म्हणून ती फडताळात ठेवून गेला. पुढच्यानं ती वापरली, आपली त्यात घालून तोही गेला. मग ती रीतच पडली. पास झाला त्यानं पुस्तकं ठेवायची, मागनं येणाऱ्यासाठी. काँक्रीटचं, सर्व्हेचं, स्ट्रेंथ ऑफ मटेरियलचं, सगळी त्यात होती.

पण पुस्तकं तर कॉलेजच्या लायब्ररीतही असतात. आमच्या पुस्तकांत होतं ते समासात होतं. त्याचं असं झालं. मी शिकले चौथीपर्यंत. बाकी जे काही वाचायला आलं ते किराणाच्या पुड्यांवरनं आणि आमच्या मालकांच्या पेपरांवरनं. कन्नड बाजारात शिकले. पण ऐकायची मला भारी हौस. संध्याकाळी डाळ निवडत बसले की खोलीतल्या पोराला म्हणायची, "वाचलास ते मला सांग. मला समजलं तर तुला समजलं." पोरं आधी वैतागायची. मग सवय व्हायची. सांगता सांगता अडायची, परत पान उघडायची, आणि जिथं मला समजेल असा शब्द सापडला तिथं तो समासात लिहून ठेवायची. शिअर म्हणजे काय, तर अडकित्त्यात सुपारी कापते तसा जोर. कँटिलिव्हर म्हणजे एका अंगानं भिंतीत धरलेला छज्जा. एकानं लिहिलेलं दुसरा सुधारायचा. म्हणून पेन्सिल. शाईनं लिहायचं नाही, हा नियम माझा. शाईनं लिहिलेलं चुकलं तर पुढचा त्या चुकीवरच उभा राहतो, असं मी म्हणायची. समासात किती अक्षरं होती, कुणाचं बारीक, कुणाचं तिरकं. मी ती ओळखायची.

आणि ज्यानं पोतं नेलं, त्याचं अक्षर गोल. औरादकडचा. आला तेव्हा मिसरूड फुटत होतं, मराठी बोलताना मध्येच तेलुगू हेल निघायचा. मला अक्का म्हणायचा. काँक्रीटची स्लंप टेस्ट त्याला काही केल्या सांगता येईना. साच्यात काँक्रीट भरतात, साचा उचलतात आणि ढीग किती बसला ते मोजतात. हे मला समजेना तर तो चिडला. त्यात जेवायची वेळ झाली. मालकांना भात वाढताना मी वाटीनं मूद पाडली, भात जरा पातळ झालेला, मूद ताटात पसरली. मी म्हटलं, "बाबा, तुझं काँक्रीट असंच बसतंय व्हय?" तो घास तोंडात घेऊन थांबला. मग हसत सुटला. जेवण टाकून हात धुतला आणि पुस्तकात लिहून आला. मालक म्हणाले, "आता भातसुद्धा परीक्षेला बसवला का तुम्ही."

माझे मालक गेले तेव्हा तो डिग्रीला होता. परीक्षा सोडून आला. खांदा दिला त्यानं. आम्हाला मूल नाही. लोक विचारायचे हा कोण, तर मी म्हणायची, खोलीतला. पण मनात दुसरं होतं.

पुढं त्यानं गुलबर्ग्याला क्लास काढला. आता कलबुर्गी म्हणतात, माझ्या तोंडात गुलबर्गाच बसलंय. क्लास चांगला चालला, मोबाइलवरही शिकवायला लागला असं ऐकून होते. पंचमीला यायचा. गेल्या पंचमीला आला, फडताळ उघडलं, पुस्तकांवरनं हात फिरवला आणि म्हणाला, "अक्का, पाठी सुटल्यात सगळ्यांच्या. आमच्याकडं चांगला बाइंडर हाय. आठवड्यात आणून देतो."

त्या वेळी खोलीत मंठाळची एक पोरगी होती. मला आज्जी म्हणायची. हुशार, पण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल तिला जात नव्हतं, एकदा राहिलं होतं. बापानं सांगून ठेवलेलं, ह्या खेपेला विषय निघाला नाही तर घरी ये. पोतं जाताना ती दारात उभी होती. म्हणाली, "आज्जी, माझं एक राहू द्या ना." मी तिलाच दटावलं, "आठवड्याचा तर सवाल हाय. नीट शिवून येतील, तुझ्याच सोयीला."

आठवडा गेला. मी फोन केला.

"अक्का, बाइंडर लग्नाला गेलाय बिदरला."

परत केला.

"आला की. पण पावसानं चिकटवायचा सरस वाळंना झालाय. घाईनं केलं तर परत सुटतंय."

मला ते पटलं. पाऊस होताच. पोरगी म्हणाली, "आज्जी, ह्या बाइंडरचं घर पाण्यात हाय का?" मी हसले नाही. त्याच्यावर हसायचं नव्हतं मला. पोरगी लायब्ररीचं कोरं पुस्तक घेऊन बसायची, पानाकडं बघायची, उलटायची नाही. परीक्षा जवळ यायला लागली. शेवटी तो फोन उचलेना, तेव्हा मी म्हटलं, चल, आपणच जाऊ. हुमनाबादवरनं बस बदलत गेलो दोघी. जाताना मी त्याच्यासाठी शेंगाची चटणी बांधून घेतली होती.

क्लास वरच्या मजल्यावर. तो आत शिकवत होता. बाहेर टेबलाशी बसलेल्या पोरीनं आम्हाला शेजारच्या खोलीत बसवलं. त्या खोलीत एक मशीन, एकामागनं एक कागद ओढून घेत होतं. टेबलावर कागदांचे गठ्ठे, वर वीट ठेवलेली. कोपऱ्यात पुठ्ठे पडलेले, नुसते पुठ्ठे, आतलं काही नाही. सर्व्हेच्या पुस्तकाचा निळा पुठ्ठा मी लांबनं ओळखला. त्यावर माझ्या चुलीचा डाग होता.

तो आला. वाकून पाया पडला, तसं त्यानं कधी टाळलं नाही.

"अक्का, कळवायचं तरी."

"पुस्तकं कुठं हायत?"

गठ्ठ्यांकडं बघून म्हणाला, "मशीनमध्ये सुटी पानं जातात, शिवलेली जात न्हाईत. म्हणून पाठी कापल्या. पुस्तक वाया गेलं न्हाई अक्का, सगळं मोबाइलवर आलंय. आता कुठंबी उघडता येतंय."

मी गठ्ठ्यातलं वरचं पान उचललं. समास पांढरा. दुसरं उचललं. तेही पांढरं. जवळ नेऊन बघितलं तर कागदावर खोडल्याची खरखर राहिलेली. काही ठिकाणी अक्षराचा वळ दिसत होता, वाचता येत नव्हतं.

"आणि लिहिलेलं?"

"ते खोडून घेतलं. स्कॅनमध्ये डाग दिसायले होते."

"डाग," मी म्हटलं.

"तसं न्हाई अक्का. त्यातलं कामाचं सगळं मी आधी उतरवून घेतलंय. माझ्या व्हिडिओत हाय."

पोरगी माझ्या मागं उभी होती. ती हळूच म्हणाली, "सर, मला ते स्ट्रेंथचं पाहिजे होतं. परीक्षा हाय माझी." तर त्यानं लगेच तिचा मोबाइल मागितला, काहीतरी दाबलं आणि म्हणाला, "झालं. सगळे व्हिडिओ फुकट उघडून दिलेत तुला. अक्काकडची पोरगी म्हणजे आमच्या घरचीच."

मग मला म्हणाला, आणि हे मी विसरू शकत नाही, "अक्का, तुमच्या फडताळातनं वर्षाला एकदोघं शिकायची. आता गावोगावची पोरं शिकायलीत. ह्यात वाईट काय झालं?"

वाईट काय झालं, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मंठाळसारख्या गावात बसून एखाद्या पोराला ते समजत असेल तर मी कोण नको म्हणणारी. मी एवढंच म्हटलं, "मग बाइंडर कामून सांगितलास? मागितला असतास तर दिलं न्हाई असतं व्हय मी?"

तेवढ्यात आतनं कुणीतरी "सर" म्हणून हाक मारली, तर तो सुटल्यासारखा आत गेला. चटणीची पुडी मी पिशवीतनं काढलीच नाही.

परतीच्या बसमध्ये पोरगी खिडकीशी. बराच वेळ मोबाइल पिशवीत ठेवून बसली, माझ्याकडं बघायची, परत बाहेर बघायची. मग म्हणाली, "आज्जी, बघू का?" मी म्हटलं, "बघ की. तुझी परीक्षा हाय." ती कानात लावायची वायर आणायला विसरली होती, म्हणून बारीक आवाजात लावलं. त्याचा आवाज आला. चांगलं शिकवतो, खोटं कशाला बोलू. सुपारी आली, अडकित्ता आला. पोरगी मान डोलवायला लागली. मग काँक्रीटचं लागलं, आणि तो म्हणाला की मित्रांनो, ही पद्धत माझी स्वतःची आहे. लहानपणी माझी आई मला भात वाढायची, तिची मूद एकदा ताटात पसरली, तेव्हा मला हे सुचलं.

पोरगीनं व्हिडिओ बंद केला. तिला ती गोष्ट माहीत होती, मीच सांगितलेली. म्हणाली, "आज्जी, ते चुकून बोलले असतील."

"आईची आठवण येत असंल त्याला," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार. त्याची आई मला माहीत होती. दोनतीनदा येऊन राहिलेली. बिचारी वाटीनं मूद पाडतच नव्हती, हातानं भात वाढायची.

पेन्सिलीनं लिहिलेलं खोडता येतं, हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. पण खोडणारा चुकीचं खोडेल आणि बरोबर लिहील, एवढंच धरून मी बसले होते.

पुढं पोरगीनं रोज तेच व्हिडिओ बघितले. बाहेरच्या खोलीतनं त्याचा आवाज यायचा, सकाळी, संध्याकाळी. माझ्या घरात माझेच शब्द दुसऱ्याच्या नावानं. एकदा मी भाजी टाकून अंगणात जाऊन बसले. पोरगीला समजलं असावं, नंतर ती आवाज कमी ठेवायची. विषय निघाला तिचा. चांगल्या मार्कानं निघाला. मंठाळहून बापाचा फोन आला, तो रडत होता. मला आनंद झाला, खरंच झाला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी पोटात राहतात, हे मला ह्या वयात समजलं.

निकालानंतर तो आला. गाडीतनं एक खोकं उतरवलं. नवी पुस्तकं, कोरी, शिवलेली, वासासकट.

"अक्का, नवी एडिशन हायत सगळी. जुन्यात बांधकामाच्या नियमांचा जुनाच कोड होता, ती कामाची राहिली नव्हती."

तो बाजेवर बसला. मी मेथी निवडत होते, निवडत राहिले. आमच्याकडं भांडणातला माणूस जरी दारात आला तरी आधी चहा विचारतात, मग भांडतात. मी चहा विचारला नाही. त्याला ते समजलं. तो एकदा आतल्या चुलीकडं बघायचा, एकदा माझ्या हाताकडं. बोलायला काही सापडेना म्हणून म्हणाला, "मेथी महाग झालीय म्हणं." मी म्हटलं, "व्हय."

तर आतनं पोरगी चहा घेऊन आली. ट्रेमध्ये, बशी लावून, बिस्किटं ठेवून. "घ्या सर." तिचे सर होते ते, तिनं करायलाच पाहिजे होता. तिचा काय दोष. त्यानं कप घेतला, माझ्याकडं न बघता प्यायला. मग तिला भिंतीशी उभं केलं, मोबाइलवर तिचा फोटो काढला, क्लासच्या बोर्डावर लावायला. तिनं ओढणी नीट केली आणि हसली. फोटो छान आला असणार, हसते गोड.

तो उठला, चपला घातल्या, उंबऱ्याशी थांबून म्हणाला, "येतो अक्का."

येतो म्हटलं की ये म्हणायचं असतं. ते काही कुणी शिकवत नाही, तोंडातनं आपोआप येतं. मी मेथीची जुडी सोडली आणि काड्या वेगळ्या करायला लागले. तो थांबला होता. पोरगीच मग म्हणाली, "या सर."