वजिराची राणी कधी झाली?

मी लिहावं असा माझा अधिकार नाही. आमच्या घरातून यवतमाळला कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि तिथल्या लायब्ररीतली नोकरीही अर्धवेळ. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी पुस्तकं लावत होतो, तेव्हा आर्णीच्या गाडीचा कंडक्टर निरोप घेऊन आला. ‘बुद्धिबळातल्या वजिराची राणी कधी झाली, ते शोध. तातडीचं आहे.’ निरोप मास्तरांचा होता.

मास्तरांनी मला आर्णीच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. अर्धांगवायूनंतर ते खाटेवरच असत. बाजाराच्या दिवशी जवळच्या तांड्याचे नाईक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, त्यांच्याशी डाव मांडायला येत. त्या एका दिवसावर मास्तरांचा आठवडा निघे. एकदा मास्तर सहज म्हणाले, वजिराला इंग्रज क्वीन म्हणतात. नाईकांनी सोंगटीवरचा हात काढून घेतला.

“बाईले पुढं करून राजा वाचवाचा? आपल्याच्यानं होत नाही, मास्तर.”

त्यानंतर ते आलेच नाहीत.

वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकांतून शोधून देणं, याला आम्ही रेफरन्स म्हणतो. मी मोठी डिक्शनरी काढली. ग्रंथपाल म्हणाले, “परीक्षा तोंडावर, अन् तू बुद्धिबळ घेऊन बसला?”

“सर, माझ्या मास्तरांचं काम आहे.”

“मग क्वीनवर थांबू नको. जुने शब्द बघ.”

शब्द सापडला: फर्स. पूर्वी इंग्रजीत क्वीनच्या सोंगटीला फर्स म्हणत. मूळ फारसी फर्झीन, म्हणजे शहाणा सल्लागार. अरबांकडून तो युरोपात गेला आणि तिथे हजारेक वर्षांपूर्वी त्याची राणी झाली.

मास्तरांना सांगून मी तसाच तांड्यावर गेलो. नाईक अंगणात दोर वळत होते.

“नाईकबा, तो मुळात वजीरच होता.”

“मंग बाई कोनं केली?”

“युरोपातल्या लोकांनी.”

“काहून?”

“ते नक्की सापडलं नाही.”

“मंग कायले शिकून राह्यला रे तू?”

दारातून नाईकीणबाई म्हणाल्या, “घर तं बाईच सांभाळते. लढू द्या की तिले!”

नाईक पुन्हा दोर वळू लागले. मी हिरमुसून परतलो. उत्तर बरोबर असलं की रेफरन्सचं काम संपतं, असं मला वाटे. तसं नेहमी नसतं.

पुढच्या बाजारानंतर कंडक्टरनेच बातमी आणली. नाईक आले होते. सोंगट्या मांडता मांडता मास्तरांना म्हणाले, “फर्स-बिर्स मले काही समजलं नाही. पण माह्यासाठी तुम्ही पोराले यवतमाळात पुस्तकं उघडाले लावलं. मंग न येऊन कसं चालन?”