आंघोळ घातलेली धायटी

धायटीचं झुडूप मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते देडतलाई गावाच्या पुढच्या टेकडीवर, फाल्गुनात. पुरुषभर उंचीच्या वाकलेल्या फांद्या, पानं बरीचशी गळालेली, आणि फांदीभर चिकटलेले लालभडक झुबके. आपण जिला फूल म्हणतो ती खरं तर तांबडी, किंचित वाकडी नळी. पाकळ्या इतक्या बारीक की शोधाव्या लागतात. नळी वाळली तरी रंग सोडत नाही. शिंजीर पक्षी दिवसभर तिच्यात चोच खुपसून मध पितात. मीही दोन-चार चोखून पाहिल्या.

जडीबुटीचा धंदा मी एकटीनं उभा केला. आधी देडतलाईहून बसमधून गाठोडी आणायचे, आता बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात दुकान आहे. धायटीचं चूर्ण आमच्याकडे जुलाबावर ताकातून देतात, भाजलं-पोळलं तर लेप लावतात. पण मोठं गिऱ्हाईक म्हणजे आसवं, म्हणजे आंबवलेली औषधं, करणारे वैद्य. काढ्यात गूळ आणि धायटी घालून रांजणाचं तोंड बंद केलं की आतलं द्रव्य आंबतं.

एका वर्षी शहरातल्या एका म्हाताऱ्या वैद्यांनी माझ्याकडून पोतंभर धायटी नेली. पंधरा दिवसांनी, दुकानात गर्दी असताना, तेच पोतं त्यांनी माझ्या पायरीवर आणून आपटलं.

"बाई, माल नकली आहे!"

"नकली? डोळे तपासा, काका! इतका साफ माल अख्ख्या बऱ्हाणपुरात दाखवा!"

"साफ आहे, पण कामाचा नाही. रांजण मुका बसलाय, काही आंबलंच नाही."

तीन गिऱ्हाइकांनी हातातल्या पुड्या खाली ठेवल्या आणि निघून गेली. माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत मला महाग म्हणणारे पुष्कळ भेटले, खोटी कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तडक देडतलाई गाठली. मला फुलं वेचून देणारी म्हातारी अंगणात बसली होती. पोत्यातली मूठ तिच्यापुढे धरून मी ओरडले, "काय भरलंस यात?"

तिनं एक फूल जिभेवर ठेवलं आणि थुंकलं.

"धुतली का वो बाई?"

"धुतली. दोन पाण्यांनी. माती-मुंग्या नकोत म्हणून."

म्हातारी हसत हसत भिंतीला टेकली. "काहून धुतली? मध गेला ना सारा! त्याच्यातच तर दम राहते. त्याच्याबिगर रांजण उठन कसा?"

धुतलेला माल म्हणून मी वैद्यांना भाव चढवून लावला होता. तेवढं तिला सांगितलं नाही.

तिच्याकडून न धुतलेली फुलं घेतली आणि वैद्यांच्या घरी नेऊन दिली, कारणही सांगितलं. त्यांनी नवा रांजण लावला आणि पाचव्या दिवशी मला बोलावलं.

"लावा कान."

आत बारीक चरचर चालली होती, बंद दाराआड दोन जावा दबक्या आवाजात भांडाव्यात तशी. मला इतका आनंद झाला की कान काढवेना. पण धंदा तो धंदा.

"चारचौघांत नकली म्हणालात, चारचौघांतच परत घ्या."

"घेतो. पण धुतल्याचंही सांगीन."

"ते कशाला?"

"बोलायचं तर पुरं बोलायचं, बाई."

अर्धा तास घासाघीस केली. पुढच्या हंगामातली पहिली निवडक फुलं देऊ केली, भाव उतरवला. म्हातारा तसूभर हलला नाही. शेवटी मीच म्हटलं, "या, काय सांगायचं ते सांगा."

ऐन गर्दीच्या वेळी आले. "माल असली होता," असं स्वतःच्या उपरण्याला सांगावं तसं पुटपुटले. मग शनवाऱ्याच्या दरवाजापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पण बाईंनी त्याला आंघोळ घातली होती!"

दुकान खदखदून हसलं, मीही हसले. निघून गेलेल्या तिघांपैकी दोघं त्या दिवशी माल घेऊन गेली. नाव साफ झालं, गिऱ्हाईक परत आलं, सगळं झालं. पण पहिलं वाक्य हळू आणि दुसरं मोठ्यानं, हे काही मी विसरलेले नाही. वैद्यांना आजही एक पैसा कमी करत नाही.