माझं शिलाईकाम

आमच्या विहीणबाई अजूनही मला ब्लाउज शिवायला देतात, आणि मला धड बटण लावता येत नाही. त्यांनी दिलेलं कापड मी मुकाट्यानं भंडाऱ्याच्या एका टेलरकडे नेते आणि तयार झालं की स्वतः शिवल्यासारखं तोंड करून पोचतं करते. विहिणीकडून शिलाई घ्यायची नसते, तेव्हा टेलरचे पैसेही माझ्याच पदरचे. "तुमच्या हातची फिटिंग कोणाले नाही येत जी," असं त्या म्हणाल्या की मी मान खाली घालते. त्यांना वाटतं, मी कौतुकानं लाजले.

हे लचांड सुरू झालं ते इन्कम टॅक्सचं काम करणाऱ्या सरांच्या बाकड्यावर. तेव्हा मी पन्नाशीच्या जरा अलीकडे होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. त्या हुशार बाईची आठवण आली की तिला एक चापट मारावीशी वाटते.

आम्ही वरठीला राहतो. मालक इथल्या कारखान्यात कामाला होते. त्यांच्याबरोबरच्या बाहेरगावच्या दोघा-तिघांचे जेवणाचे हाल होत, म्हणून मी डबे द्यायला लागले. दोघा-तिघांचे डबे वाढत गेले. मग मी धाकट्या जावेला हाताशी घेतलं. ती पोळ्या लाटायची, मी भाज्या बघायची. पहाटेपासून घरात फोडणीचा खकाणा उठायचा, आणि शेजारणीनं विचारलं तर मी सांगायची, "पाहुणे आहेत." वर्षभर पाहुणे! शेजारीण काय दूधखुळी होती का? पण मला वाटायचं, खपलं.

लपवायचं कशासाठी? आमचं घर मूळचं धानाचं. धान विकायचे, तांदूळ विकायचे, चुरा झालेली कनकीसुद्धा विकायचे. पण शिजलेला भात? सासू म्हणायची, "चुलीवरून उतरलं का त्याचा भाव करू नाही." दारी आलेल्याला वाढायचं, पैसे घ्यायचे नाहीत. आणि मी तर महिन्याच्या महिन्याला पैसे घेत होते. सासू जाऊन किती वर्षं झाली होती, तरी डबा भरताना वाटायचं, ती दारात उभी आहे.

तेवढ्यात कारखान्यातला एक ठेकेदार घरी आला. म्हणाला, "मावशी, माह्या साऱ्या मजुरांचे डबे तुमच्याकडून घेतो. फक्त कागद पाहिजेत. धंद्याची नोंदणी, रिटर्न, खाण्याच्या सामानाचा परवाना. वरून विचारतात मले."

एवढं मोठं काम! मी आणि जाऊ दोघी भंडाऱ्याला सरांकडे गेलो. रिटर्न भरायची मुदत संपत आलेली, त्यामुळे खोली गच्च. एक टेबल, एक लांब बाकडं, आणि बाकड्यावर सगळे एकमेकांना चिकटून. सरांना एक खोड होती. समोरचा जे सांगेल ते ते मोठ्यानं परत म्हणायचे आणि मग टाइप करायचे. कोणाला किती पेन्शन, कोणाच्या दुकानात तोटा, सारं बाकड्याला पाठ.

आम्ही टेकलो आणि पाहते तर पलीकडे विहीणबाई! माझ्या लेकीची त्यांच्या मुलाशी सोयरीक जुळून कुंकू नुकतंच झालेलं, लग्न तोंडावर. त्यांचं आंधळगावला कोशाच्या रेशमी कापडाचं दुकान, चार लोकांत उठबस. त्यांचे कागद त्याच सरांकडे असत. "अवं माय, तुमी इकडं कशा?" म्हणून त्या सरकत सरकत माझ्या मांडीला मांडी लावून बसल्या.

माझा नंबर आला. सर म्हणाले, "धंदा काय?"

डोळ्यापुढे आली घरातली शिलाई मशीन. लग्नात माहेरून मिळालेली, पट्टा तुटलेली. तिच्यावर पोळपाट ठेवून जाऊ पोळ्या लाटायची.

"शिलाई," मी म्हणाले.

"शि-लाई!" सर गरजले आणि टाइप केलं.

जावेनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनगटावर तव्याचे चटके होते, ती बांगडी वर सारत ते चोळत बसली. विहीणबाई मात्र खूश. "काहून नाही सांगितलं जी कधी? लग्नाचे ब्लाउज मंग तुमच्याचकडं."

बाहेर आल्यावर जाऊ म्हणाली, "बाई, उद्यापासून मी काज-बटन करू का? पोळ्या कोण लाटन?"

"गप वं. कागद म्हणजे कागद. शिक्का पाहतात, वाचते कोण?"

"ज्याले डबे पाहिजेत तो वाचन."

मी तिला खुळ्यात काढलं. इतक्या वर्षांत तिचं किती खरं निघालं ते मोजायला बसले तर हे लिहिणं राहून जाईल.

ठेकेदारानं वाचलं. दिवाळीच्या सुमारास मी कागद त्याच्या हातात दिले तर तो एकदा कागदाकडे पाहे, एकदा माझ्याकडे. "मावशी, हे तं कपडे शिवायचं आहे. मजुरायले काय ब्लाउज चारू?" त्याची दोन माणसं हसली. "दुरुस्त करून आणा. नाही तं दुसरं कोणी पाहतो."

पुन्हा भंडारा, पुन्हा ते बाकडं. सर म्हणाले, "त्यात काय एवढं? अजून मुदत आहे, रिटर्न दुरुस्त करून भरता येते. नोंदणीतही बदल होतो. सांगा, काय करायचं?"

आता ऐका त्या हुशार बाईची गोष्ट. त्या दिवशी विहीणबाई नव्हत्या. बाकड्यावर एक सिमेंटच्या दुकानाचा माणूस होता, दोन मास्तर होते, आणि एक म्हातारबुवा पेंगत होते. एकही ओळखीचा नाही. पुन्हा कधी दिसले असते की नाही कोण जाणे. तरी मी एवढंच म्हणाले, "शिलाई नाही लिहायचं."

"शिलाई नाही!" सर म्हणाले. "मग काय?"

"ते... घरचंच आपलं."

"घरचंच म्हणजे?"

मी पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिले. दोन अक्षरांचा शब्द. रोज पहाटे उठून जे करत होते त्याचं नुसतं नाव घ्यायचं होतं. मास्तर माझ्याकडे पाहायला लागले, आणि मला वाटलं, आता हे म्हणतील, बाई भात विकते.

"सर," जाऊ उठून टेबलाजवळ गेली, "माह्या नावानं करा. आधार आहे, पॅन आहे, बँकेत खातं आहे."

"धंदा काय?"

"डबे. वरण, भात, पोळ्या, दोन भाज्या. बुधवारी आन् रविवारी कोंबडी."

"कोंबडी!" सर म्हणाले.

पेंगणारे म्हातारबुवा जागे झाले. "कुठं भेटते वं हे?"

जावेनं त्यांना पत्ता सांगितला. पत्ता माझ्या घराचा. तिथल्या तिथं तिच्या नावाची नोंदणी झाली, परवान्याचा अर्जही भरला गेला. सरांनी मला विचारलं, "चालेल ना तुम्हाला?" मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

परत येताना ऑटोत आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "तू मले विचारलं काहून नाही?"

"तुमाले विचारलं होतं, बाई. सरांनी दोनदा विचारलं." मग जरा नरमून म्हणाली, "आता तुमाले कोणी काही नाही विचारन. आरामात राहा."

ते 'आरामात राहा' मला अजून टोचतं.

ठेका मिळाला. पैसा जावेच्या खात्यात यायला लागला. ठेकेदार कापून घ्यायचा तो टीडीएस रिटर्न भरल्यावर परत आला, तोही तिच्याच नावावर. तिनं मला कधी कमी दिलं नाही. उलट मोठीचा मान म्हणून अर्ध्याहून जास्तच हातावर ठेवायची आणि मी ते घेताना इकडेतिकडे पाहायची. पुढे तिनं आमच्याच ओसरीवर पाटी लावली. पाटीवर तिचं नाव. माझी चूल, माझ्या फोडण्या, आणि येणारा-जाणारा पोट्टा मला विचारायचा, "मालकीणबाई आहेत का?" मी आत आवाज द्यायची, "अवं मालकीणबाई, कोणी आलं!" ती हसायची. मीही हसायची, आणि मग भाजी हलवायला जायची, कारण तोंड दिसू द्यायचं नव्हतं.

आता आमचे दोघींचेही केस पिकले. सर घरी बसले आणि त्यांची लेक लॅपटॉपवर काम पाहते. बापाची खोड मात्र तिनं जशीच्या तशी उचलली आहे. या साली गेलो तर ती म्हणाली, "आजी, काकूंच्या खर्चात तुमची मजुरी दाखवायला पाहिजे. तुम्ही त्यांच्याकडे काय काम करता?"

आणि बाकड्यावर कोण? विहीणबाई. गुडघे धरून बसलेल्या, पण कान ताठ.

मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. नातवंडांची आजी झाले, आता कसली लाज? मी घसा खाकरला. तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला आणि तिथंच बसून राहिला, ओल्या पिठासारखा.

जाऊ माझ्याकडे पाहत होती. मग पोरीकडे वळून, चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणाली, "शिलाई. डब्याच्या पिशव्या शिवतात त्या."

"शि-लाई!" पोरगी म्हणाली.

विहीणबाईंनी पिशवीतून ब्लाउजपीस काढून माझ्या मांडीवर ठेवलं.