जोहराबाईंच्या वर्गातलं गाऱ्हाणं

इन्सुलीजवळच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत भिंतीपलीकडे जोहराबाई पहिलीला शिकवतात आणि अलीकडे मी चौथीवर ओरडतो. पुस्तक प्रमाण मराठीत, गावची पोरं मालवणीत, चिरेखाणीवरच्या मजुरांची कानडीत आणि मी घाटावरचा. सगळा आनंदीआनंद!

बाईंनी त्यावर तोडगा काढला तो गाऱ्हाण्याचा. इथे देवळात एक जाणता देवाकडे मागणं मागतो आणि बाकीचे दर वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ देतात. बांद्यात वाढलेल्या बाईंनी हे लहानपणापासून ऐकलेलं. मग रोज सकाळी एकेका पोराने पुढे येऊन घरच्या भाषेत मागणं मागायचं.

"बा गणिता म्हाराजा, माज्या डोक्यात शिर!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी थंयच रव!"

"व्हय म्हाराजा!"

कौलं हलायची. मी वैतागायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कान लावून बसायचो.

बोलत नव्हती फक्त खाणीवरची यल्लव्वा. शाळा सुरू झाल्यापासून पोरीच्या तोंडून एक शब्द नाही. बाईंनी कानडी शिकून पाहिलं, त्या कानडीवर सगळा वर्ग हसला, यल्लव्वासुद्धा. पण बोलली नाही. एका सकाळी तिची आई दारात उभी.

"बोलत न्हाई, शिकत न्हाई. घरी बाळ सांभाळंल," तिने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं.

बाईंचा चेहरा पडला. माझाही पडला, खोटं कशाला बोलू! बाई एवढंच म्हणाल्या, "गाऱ्हाणा होवंदे, मगे घरी न्हे तिका."

आई पायरीवर टेकली. आणि यल्लव्वा आपणहून उठली! फळ्यापुढे उभी राहिली, हात जोडले आणि कानडीचा पट्टाच सोडला. पोरांना ओ की ठो कळेना, पण ती श्वास घ्यायला थांबली रे थांबली की वर्ग गर्जे, "व्हय म्हाराजा!" तिचा आवाज चढला, पोरांचा त्याहून चढला. माझी चौथी खिडकीला लोंबकळून ओरडत होती. मीही ओरडत होतो.

पायरीवर आई पदरात तोंड लपवून हसत होती की रडत होती, कळेना.

"काय मागता गो ता चेडू?" बाईंनी आईला विचारलं.

"माझ्याकडंच मागती. म्हणती, अव्वा, साळा सोडवू नको."

सगळा वर्ग आईकडे बघत राहिला. तिने डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि लाजत, अगदी हळू म्हणाली, "व्हय म्हाराजा."