पेरिहान अब्ला आणि मिटवलेल्या तक्रारी

पेरिहान अब्ला, म्हणजे साऱ्या गावाची थोरली ताई, लग्नाचे झगे शिवायच्या. नवरीचं माप घ्यायला घरात शिरायचं, विहिणी-विहिणींचं बिनसलेलं कानावर पडायचं, आणि झगा तयार होईतो दोघींना एका ताटाशी बसवायचं, ही त्यांची रीतच. गावात कुणी कुणाशी अबोला धरला की यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. अशी बाई सरकारी इस्पितळाच्या रुग्णहक्क मंडळावर नागरिकांच्या खुर्चीत बसली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बरं झालं. मला विचाराल तर घोळ तिथेच सुरू झाला.

मंडळ कायद्याने नेमलेलं. इस्पितळाबद्दल तक्रार आली की पाच जणांनी ऐकायची, रुग्णाचा हक्क डावलला गेला का ते हात वर करून ठरवायचं, आणि गेला असेल तर इस्पितळाला सुधारायला लावायचं. अध्यक्ष तुर्गाय होजा, म्हणजे गुरुजी, इस्पितळाचेच उपप्रमुख डॉक्टर. माणूस भला, पण तक्रारीचा कागद पाहिला की त्यांचं डोकं दुखायचं. अब्ला आल्या आणि कागद मंडळापुढे येईनासेच झाले. कुणी तक्रार केली की पिस्ते-साय भरलेलं गरम कातमेर घेऊन अब्ला त्याच्या घरी हजर. ज्याच्यावर ठपका तो सोबत. त्याने तक्रारदाराच्या हाताचं चुंबन घेऊन हात कपाळाला लावायचा, वर चहा व्हायचा, तक्रार मागे! प्रांताच्या आरोग्य खात्याने ‘एकही तक्रार नसलेलं इस्पितळ’ म्हणून मानपत्र जाहीर केलं, तेव्हा होजा भर सभेत म्हणाले, “हे सगळं अब्लांमुळे.” अब्ला लाजल्या, पण मनातून फुलून गेल्या.

आणि नेमका तेव्हाच वाक्कास उस्तांचा अर्ज आला. उस्ता म्हणजे कसबी कारागीर; हे जुने तांबट, नाकावर माशी बसू न देणारे. त्यांची बायको झेलिहा डायलिसिसला जायची. नगरपालिकेची बस रुग्णांना उजाडताच आणून सोडायची आणि इस्पितळाचं दार उघडायचं आठला. तोवर सगळे थंडीत पायरीवर.

“गुरुवारी मानपत्र घेऊन खात्याचे पाहुणे यायच्या आत मिटवा, अब्ला,” होजा म्हणाले.

अब्ला दारावरच्या पहारेकऱ्याला, मिशाळ मेमिकला घेऊन उस्तांकडे गेल्या. उस्तांनी कातमेर मिटक्या मारत संपवलं, बोटं पुसली आणि समोर वाकून उभ्या असलेल्या मेमिककडे पाहिलं.

“तुझं काय चुकलं रे?”

“ते... मला नीट सांगितलेलं नाही, उस्ता.”

“दार आठला उघडायचं कुणी ठरवलं?”

“वरून हुकूम आहे. सकाळी फरशी पुसलेली असते, पेशंटच्या पायांनी चिखल होतो.”

“मग अब्ला, मी समेट कुणाशी करू? फरशीशी? ती येणार आहे का माझा हात धरायला?”

आतल्या खोलीत झेलिहा खळखळून हसली. उस्तांनी हात मागे घेतला. “कातमेर झकास होतं. अर्ज आहे तिथेच राहील.”

असं तोंडावर पडायची अब्लांना सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी बसच्या वेळी त्या स्वतः इस्पितळापाशी गेल्या. पायरीवर शाली गुंडाळून बायका बसल्या होत्या. काचेच्या दाराआड फरशी लखलखत होती, आणि आत मेमिक अपराध्यासारखा येरझारा घालत होता.

“या अब्ला, बसा! खाली पिशवी घ्या, दगड गार आहे,” हमियेत म्हातारीने जागा केली. “उस्तांच्या तक्रारीचं बघायला आलात होय? गेल्या हिवाळ्यात माझी हीच होती.”

“तुमची?”

“विसरलात? मेमिकला घेऊन आला होतात की!”

“माझ्याकडेही,” पलीकडून एक जण म्हणाली. “गुणी माणूस हो. हात किती अदबीने धरला! फक्त किल्ली त्याच्याकडे नसते.”

सगळ्या हसल्या. कुणाच्या बोलण्यात राग नव्हता, आणि अब्लांना तेच झोंबलं. तक्रार आली की कोण कुणावर रुसलंय एवढंच त्या विचारायच्या, काय घडलंय ते कधी विचारलंच नव्हतं. आपल्या चांगुलपणापायी या बायका आणखी एक हिवाळा इथे कुडकुडल्या, हे कळलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंडळ बसलं. नर्स आणि वकीलबाई उस्तांच्या बाजूने, होजा आणि कर्मचारी संघटनेचा माणूस विरुद्ध. राहिल्या अब्ला. होजांच्या मुलीचा लग्नाचा झगा त्यांच्या मशीनवर अर्धा शिवून पडला होता.

“अब्ला, घरातली गोष्ट आहे,” होजा हळूच म्हणाले. “मानपत्र जाईल. तुम्ही उस्तांना पुन्हा एकदा भेटा की.”

अब्लांनी हात वर केला. “होजाम, रुसलेल्यांची समजूत मी काढीन. ही माणसं रुसलेली नाहीत हो, गारठलीत.”

“ठीक आहे, पेरिहान हानम,” होजा म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी अब्ला म्हणायचं टाळून परक्या बाईला म्हणावं तसं हानम म्हटलं.

मानपत्र गेलं. दार मात्र बस आली की उघडू लागलं, आणि हिटरपाशी बायकांच्या गप्पांना ऊत आला. होजांच्या घरून झगा न्यायला दुसऱ्याच कुणालातरी पाठवलं गेलं. कॉरिडॉरमध्ये अब्ला समोर आल्या की होजा खिडकीबाहेर बघत. अब्लांना वाईट वाटायचं, उगीच का लपवा! त्यांच्यावर रुसलेलं असं गावात कुणी नव्हतंच आजवर.

वाक्कास उस्तांना ते बघवेना. एका सकाळी झेलिहाला आत सोडून ते अब्लांपाशी आले.

“मी जातो होजांकडे. माझ्यापायी झालं, मीच मिटवतो. चहा होईल, दोन शब्द बोलू.”

“नको, उस्ता.”

“का हो? आख्ख्या गावाचे समेट केलेत, स्वतःचाच का नको?”

“गोड बोलणं झालं की ते दार पुन्हा आठला उघडायचं काढतील,” अब्ला म्हणाल्या, “आणि मग मला नाही म्हणता यायचं नाही.”