खिडकीबाहेरचे येईलसाहेब

शुक्रवारी सकाळी साडेनऊला भिंगरीने तिसऱ्यांदा पाणी मागितलं आणि तिच्या बापाने तिसऱ्यांदा कापसाचा ओला बोळा तिच्या ओठांवरून फिरवला. तिने बोळाच दातांत धरला आणि चोखायला लागली. सहा वर्षांच्या पोरीशी कापसासाठी ओढाताण करायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. या गृहस्थांवर ती सलग तिसऱ्या दिवशी आली होती.

भिंगरी हे नाव ती एका जागी ठरत नाही म्हणून पडलेलं. सोमवारी शाळेच्या भिंतीवरून तिने उडी मारली आणि डाव्या कोपराच्या वर हाड मोडून घेतलं. मोठ्या डॉक्टरांनी कच्चं प्लास्टर घातलं, एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "तार घालून बसवावं लागेल. आठवड्याच्या आत बसलं तर सरळ, नाहीतर हात जन्माचा वाकडा." ऑपरेशन बुधवारी ठरलं. मध्यरात्रीपासून अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. दुपारी साडेचारला निरोप आला, आज नाही, उद्या. गुरुवारी तोच उपास आणि तोच निरोप. शनिवार-रविवार थिएटर फक्त अपघातांसाठी उघडतं. म्हणजे जे काय व्हायचं ते आज.

बापाची ओळख करून द्यायला हवी. गावच्या बसस्टँडवर चौकशीची खिडकी आहे, तिच्यामागे हे अठरा वर्षं बसलेले. अमकी गाडी कधी येईल, असं कुणीही विचारलं की मान वर न करता, हातातलं लिहिणं न थांबवता, डाव्या हाताचं एक बोट वर करायचं आणि म्हणायचं, "येईल." बोटाचा अर्थ थांबा, की वरच्याला विचारा, हे अठरा वर्षांत कुणाला कळलं नाही. लोकांनी त्यांचं नाव येईलसाहेब ठेवलं. ते नाव घरापर्यंत गेलं. बायकोही रागावली की तेच म्हणायची.

बायको सध्या घरी होती, कुशीत दीड महिन्याचं तान्हं घेऊन. त्यामुळे मुलांच्या वॉर्डात बारा खाटांपाशी अकरा बायका आणि एक येईलसाहेब असा जमाखर्च झाला होता. जो येई तो आधी त्यांच्या मिशीकडे बघे आणि मग विचारी, "हिची आई कुठंय?" सिस्टरने विचारलं, झाडणाऱ्या मावशींनी विचारलं, वजन करणाऱ्या पोरीने विचारलं. पहिल्या दिवशी त्यांनी तान्ह्याची हकिकत सांगितली. दुसऱ्या दिवशी नुसतं "घरी" म्हणाले. तिसऱ्या दिवशी विचारणारीकडे असं बघितलं की ती पोरगी वजन न करताच निघून गेली.

राग डॉक्टरांवर होता, सिस्टरवर होता, भिंतीवर होता, आणि थोडा स्वतःवरही. बुधवारी भुकेने डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा त्यांनी जिन्यात उभं राहून चार बिस्किटं खाल्ली होती. चोरासारखी खाल्ली, तोंड धुतलं, परत आले. भिंगरीने जवळ बोलावलं, नाक त्यांच्या मिशीला लावलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, तू क्रीमचं खाल्लंस." त्यानंतर दोन दिवस तेही दुपारपर्यंत उपाशी राहत होते. उपाशी माणसाचा राग तव्यावरच्या पाण्यासारखा, थेंब पडला की तडतडतो.

साडेअकराला ते सिस्टरच्या टेबलापाशी गेले.

"सिस्टर, हिचा नंबर कधी?"

सिस्टर रजिस्टरात लिहीत होत्या. मान वर झाली नाही. डाव्या हाताचं एक बोट वर झालं.

"होईल," त्या म्हणाल्या.

येईलसाहेब त्या बोटाकडे बघत राहिले. ते बोट कुठंतरी पाहिलंय असं त्यांना वाटलं. मग कुठे पाहिलंय ते आठवलं आणि कानशिलं गरम झाली.

ते खाटेपाशी परतले. शेजारच्या खाटेवर एक इस्त्रीवाली तिच्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती. ती मुलगीही उपाशीच होती, तीही तिसऱ्या दिवशी. ही बाई सबंध दिवसात दहा वाक्यं बोलायची नाही. हाताला चाळा म्हणून वॉर्डातली चादर घ्यायची, तळहाताने सुरकुत्या काढायची, घडी घालायची, मोडायची, परत घालायची.

"काय म्हणाल्या?" तिने विचारलं.

"होईल म्हणाल्या. अहो, होईल म्हणजे काय? कधी होईल, का नाही झालं, तोंड उघडून सांगायला यांच्या बापाचं काय जातं? माणसं बसलीयत ती काय हौसेनं बसलीयत?"

इस्त्रीवालीने चादरीची घडी मांडीवर ठेवली. "तुम्ही स्टँडवरचे ना? येईलसाहेब?"

येईलसाहेबांनी मान डोलावली.

"पहिल्याच दिवशी ओळखलं मी," ती म्हणाली. "चार महिन्यांमागे हिनं तापलेल्या इस्त्रीवर हात ठेवला, त्या दिवशी आले होते तुमच्या खिडकीशी. हात ओल्या फडक्यात बांधलेला, पोर बेंबीच्या देठापासून रडत होती. दहाची गाडी कधी येईल, विचारलं. तुम्ही बोट वर केलंत, येईल म्हणालात. अकराला विचारलं, येईल. एकला विचारलं, येईल. तीन वाजता शेंगावाल्याने सांगितलं, बाई, ती गाडी सकाळीच दुसऱ्या मार्गावर पाठवली."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी पोचलो इथं. आता बोटं एकमेकांना चिकटलीयत, ती सोडवायचीयत. एका दिवसाने काही फरक पडला नसता म्हणतात डॉक्टर." तिने परत चादर उलगडली. "म्हणतात आपले."

"ताई, मला..."

"तुम्हाला माहीत होतं का हो, गाडी रद्द झालेली?"

माहीत होतं. पावणेदहालाच फोन आला होता. पण खिडकीमागचं एक शास्त्र आहे, आणि ते येईलसाहेबांना त्यांच्या आधीच्या साहेबांनी शिकवलं होतं. रद्द म्हटलं की माणसं खिडकीवर चढतात, आईबहिणीवरून बोलतात. येईल म्हटलं की बाकावर बसतात. बसलेला माणूस तासाभराने थकतो, थकला की आपोआप घरी जातो, आणि आपला दिवस शांत जातो.

ते उठले. तडक सिस्टरच्या टेबलापाशी गेले आणि त्यांच्या रजिस्टरावर पंजा ठेवला.

"हात काढा," सिस्टर म्हणाल्या.

"आजच्या यादीत आमचा नंबर कितवा?"

"सांगितलं ना, होईल."

"सिस्टर, हा धंदा मी अठरा वर्षं केलाय. माझ्याशी नका करू. कितवा?"

सिस्टरने पहिल्यांदा मान वर केली. पन्नाशीच्या बाई, डोळ्यांखाली काळं. "पाचवी," त्या म्हणाल्या. "आणि ती शेजारची सहावी."

"दिवसाला होतात किती?"

"चार."

"म्हणजे सकाळी आठलाच तुम्हाला माहीत होतं की या दोघींचं होणार नाही. तरी पाण्याचा थेंब दिला नाहीत. तीन दिवस?"

"दिलं पाणी, आणि खालून बोलावणं आलं तर? पाणी प्यालेल्या पोराला भूल देत नाहीत. मग शिव्या कोण खाणार, तुम्ही?" आता सिस्टरचाही आवाज चढला. "आणि खरं सांगितलं की काय होतं, माहितीय? हे असं. तुमच्यासारखे पंजे टेबलावर येतात. बारा खाटा, सिस्टर दोघी, त्यातली एक रजेवर. होईल म्हणते म्हणून माझा दिवस जातो."

हे तर येईलसाहेबांचंच वाक्य होतं. त्यांनी पंजा उचलला. पण राग काही उचलला गेला नाही. उलट त्याला आता बसायला जागा सापडली.

खिशातून त्यांनी छोटी वही काढली. स्टँडवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ टिपायची अठरा वर्षांची खोड, ती दवाखान्यातही सुटली नव्हती. थिएटरचं दार भिंगरीच्या खाटेजवळच्या खिडकीतून दिसायचं, खालच्या मजल्यावर, अंगणापलीकडे. रोगी आत कधी, बाहेर कधी, सगळं टिपलेलं.

"हे बघा. बुधवारी पहिला बाहेर आला दहा पस्तीसला. दुसरा आत गेला अकरा वीसला. मध्ये पाऊण तास. गुरुवारी तेच. आत काय करतात पाऊण तास?"

"दहा मिनिटं धुणंपुसणं. बाकी स्ट्रेचरची वाट. स्ट्रेचर एक, ढकलणारे मामा एक, आणि लिफ्ट कशी रखडते ते तुम्ही पाहिलंच आहे. खालून फोन येतो, मग मामांना शोधायचं, मग पोराला न्यायचं."

"म्हणजे फलाट रिकामा आणि गाडी डेपोत." येईलसाहेबांच्या मानेची शीर ताठ झाली. "सिस्टर, पोरं आहेत ही. पोत्यासारखी जड नाहीत. आईबापांच्या कडेवर जातील. पुढचं पोर आधीच दाराशी नेऊन बसवलं तर?"

"तसा नियम नाही."

"पोरांना तीन दिवस तहानेनं मारायचा आहे?"

सिस्टरने पेन खाली ठेवलं. मग ड्रॉवर उघडला, चार फायली काढल्या, टेबलाच्या येईलसाहेबांकडच्या कडेला ठेवल्या आणि परत लिहायला लागल्या.

"मी औषधं मोजायला आत चाललेय," त्या रजिस्टराला म्हणाल्या. "दहा मिनिटं इथं काय होतं ते मला दिसणार नाही."

मग जे झालं ते वॉर्डाने नंतर आठवडाभर चघळलं. येईलसाहेबांनी खाकरून घसा साफ केला आणि स्टँडवरचा आवाज लावला. तो आवाज भोंग्याशिवाय सात फलाटांवर जायचा. "तीन नंबरवाले, मुलाला उचला. चार नंबर, त्यांच्या मागे. फाईल हातात, चप्पल पायात. कुणी मध्ये थांबायचं नाही." तीन नंबरची आजी घाबरून उभी राहिली आणि कुठल्या गावाला जायचंय ते विचारू लागली. पाच मिनिटांत मिरवणूक जिन्याने उतरली. शेवटी भिंगरी बापाच्या खांद्यावर, आणि तिच्यामागे चादर तशीच काखेत धरून इस्त्रीवाली.

थिएटरच्या दाराबाहेर लाकडी बाक होता. त्यावर सगळे नंबराने बसले. आतल्या माणसाने दुसरा रोगी बाहेर काढून दार उघडलं आणि फोनकडे वळणार, तोच समोर तीन नंबर फाईलसकट हजर. तो चक्रावला. "हे कुणी पाठवले?" त्याने विचारलं.

"आम्ही आमचे आलो," येईलसाहेब म्हणाले. "घ्या आत. बारा वाजून चौदा मिनिटं झालीयत."

तीन नंबर एकच्या सुमाराला बाहेर आला. चार नंबर दोनला पाच कमी असताना. प्रत्येक वेळी दार उघडलं की पुढचं पोर उंबऱ्याशी. सव्वादोनला भिंगरीचा नंबर लागला. आत जाताना ती म्हणाली, "बाबा, झालं की लगेच पाणी?" आणि येईलसाहेबांनी सवयीने डाव्या हाताचं बोट वर केलं. मग स्वतःच ते झटकन मुठीत दाबलं आणि म्हणाले, "लगेच नाही. दोन तासांनी. पण नक्की."

त्यानंतरचा तासभर बाकावर दोघंच होते, येईलसाहेब आणि इस्त्रीवाली. तिची मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती, ओठ सुकून पापुद्रे निघालेले. आपला नंबर हिला द्यावा, असं येईलसाहेबांच्या मनात एकदाही आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, दोनला दहा कमी असताना. पण भिंगरीचा हात वाकडा झालेला डोळ्यांसमोर आला आणि ते गप्प बसले. त्याचाही राग आता बाकीच्या रागांत मिसळला.

तीन वीसला मोठे डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचं फडकं हनुवटीखाली. "छान बसलंय हाड. सरळ राहील," ते म्हणाले. येईलसाहेबांनी भिंतीला पाठ टेकली. 

डॉक्टर तसेच पुढे निघाले. जाता जाता आतल्या माणसाला म्हणाले, "सहावीचं सोमवारी. वर कळवा." बाकाकडे त्यांनी बघितलंही नाही.

भिंतीला टेकलेले येईलसाहेब सरळ झाले आणि डॉक्टरांच्या वाटेत उभे राहिले.

"तिला सांगून जा."

"सिस्टर सांगतील."

"सिस्टर होईल म्हणतील. साडेचारपर्यंत ती पोर तहानलेली बसेल. रद्द आहे ना? मग रद्द म्हणा. तिच्या तोंडावर म्हणा, तुमच्या तोंडाने."

"अहो, तुमचं झालंय ना काम? व्हा बाजूला."

"माझं झालंय म्हणूनच उभा आहे."

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग बाकाकडे वळले आणि त्या बाईपुढे उभे राहिले. "हे बघा बाई, हिच्या हाताला दीड तास लागेल. भूल देणाऱ्या डॉक्टर चारला जातात. आज होणार नाही. सोमवारी पहिला नंबर." जरा थांबून म्हणाले, "पाणी द्या तिला. खायलाही द्या."

"फाईलवर लिहा," येईलसाहेब म्हणाले. डॉक्टरांनी लिहिलं, सही केली, पेन खिशाला अडकवलं आणि गेले.

आता इस्त्रीवाली आपले आभार मानेल, असं येईलसाहेबांना वाटलं असेल. ती उठली. तीन दिवसांत तिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता, तो आता जिन्यापर्यंत गेला.

"खरं ऐकवलंत मला? आज? तुमच्या पोरीचा हात सरळ झाल्यावर? त्या दिवशी का नाही ऐकवलंत? दहा वाजता म्हणाला असतात ना रद्द, तर पायी निघाले असते मी. ट्रकला हात केला असता. बोटं चिकटायच्या आधी पोचले असते. खिडकीत बसून बोटं वर करता. माझ्या पोरीची बोटं बघा. बघा ना, इकडे बघा."

तिने मुलीचा हात पुढे धरला. येईलसाहेबांनी बघितला. सोमवारी होईल, हे शब्द त्यांच्या जिभेवर आले होते. त्यांनी ते गिळले. ती अजून बोलत होती, आणि ज्या बोलण्याला घाबरून ते अठरा वर्षं येईल म्हणत आले, ते सगळं त्यांनी उभ्याने ऐकून घेतलं. तिचा दम संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

मग ती मटकन बाकावर बसली. पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं. मुलगी दोन्ही हातांनी बाटली धरू बघत होती, पण एका हाताची बोटं वळत नव्हती. येईलसाहेब खाली बसले आणि बाटली त्या बाजूने धरली. अर्धं पाणी फ्रॉकवर सांडलं. मुलगी थांबायला तयार नव्हती.

"भिंगरीचे घरचे कोण?" आतून आवाज आला. "तिची आई आलीय का?"

"बाप आहे," येईलसाहेब ओरडले, "पाणी पाजतोय. हिचं संपलं की आलो."