दुसऱ्यांदा टांगताना

“वस्तीतली एखादी पोरगी द्या हो. ह्यास्नी बुडायची सवय हाय.”

सरपंच असं म्हणाले आणि मंडपात हशा पिकला. मी तिथंच खुर्च्या पुसत होते. एम.ए. झालेली माणसं खुर्च्या जास्त स्वच्छ पुसतात, असा गावाचा समज असावा.

लष्कराच्या बचाव हेलिकॉप्टरवरच्या जवानांचं पुढचं प्रशिक्षण होतं. पंचगंगेच्या काठावर, आमच्याच गावात. सरावाची माणसाएवढी बाहुली उचलून झाली होती. आता जिवंत माणूस उचलायचा होता. गावानं आमची वस्ती पूर्वीच नदीच्या अंगाला बसवली आहे, त्यामुळे माणूस कुठून आणायचा हा प्रश्न कुणाला पडला नाही.

सरपंचांनी माझ्याकडे बोट दाखवलं. एका जवानानं हेलिकॉप्टरच्या दोराचा पट्टा माझ्या काखांखालून घातला. “हाथ नीचे रखना. ऊपर किए तो फिसल जाओगी.” मग विचारलं, “अपनी मर्ज़ी से आई हो?”

“व्हय व्हय, खुशीनं आलीया,” सरपंच म्हणाले. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

जमीन सुटली. आवाज एवढा की माझं ओरडणं मलाच ऐकू येईना. मी गरगर फिरत होते. नदी, ऊस, मंडप, पुन्हा नदी. कोपरं बरगड्यांना अशी दाबली की हात बधिर झाले. सलवार ओली झाली. नदीच्या पाण्यानं नव्हे.

खाली उतरले आणि ओढणी कमरेला गुंडाळून घेतली. तोवर प्रमुख पाहुणे आले. कागलच्या एमआयडीसीत एक फीत कापायची होती, म्हणून उशीर. त्यांनी पाहिलं नव्हतं, म्हणजे काही घडलंच नव्हतं.

“परत टांगा हिला,” सरपंच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “आणि वर गेल्यावर सायबांस्नी नमस्कार घाल. हात पार डोक्यावर ने. फोटोत दिसाय पायजे.”

“हात वर केले तर मी पडीन.”

“एवढ्यानं मरतीस व्हय? लई शिकलीस म्हणून उलटं बोलू नगंस.”

जवानानं मला बजावलं ते त्यांनीही ऐकलं होतं. मग मला कळलं. हा विसर नव्हता. एका पारड्यात फोटो होता, दुसऱ्यात मी. फोटो जड होता.

जवान पट्टा घेऊन आला. पुन्हा तेच विचारलं, “मर्ज़ी से?”

सरपंचांनी तोंड उघडलं.

“न्हाय,” मी म्हणाले. दात वाजत होते. नीट उमटलं नाही असं वाटलं म्हणून परत म्हणाले, “न्हाय.”

जवानानं पट्टा गुंडाळला आणि मागे सरला.

“पूर येऊ दे,” सरपंच माझ्या कानाशी म्हणाले. “मग बघतो तुमच्या वस्तीकडं.”

ही पोकळ धमकी नाही. पुरात बचावाची बोट आधी कुठं पाठवायची हे गावात तेच ठरवतात. नदी चढायला लागली की मला पाण्याची नाही, बोट न येण्याची भीती वाटते. पण त्याच संध्याकाळी मी वस्तीतल्या दारोदार गेले. जे कानात सांगितलं गेलं, ते सगळ्यांना सांगितलं. आता पाणी चढलं की मी काठावर उभी राहणार. बोट आमच्याकडे आली नाही, तर ती कुणी अडवली हे नाव घेऊन सांगणार. भीत भीत. पण मोठ्यानं.